अक्षरांच्या माथ्यावरची पेटी

लग्नपत्रिका छापावयास गेलेल्या माणसासमोर छापखानदार नमुन्यांचे जाड पुस्तक उघडून ठेवतो, तेव्हा तो माणूस मजकूर वाचत नाही, अक्षरे पाहतो. मजकूर सगळ्या पत्रिकांत बहुधा एकच असतो. फरक असतो तो अक्षरांच्या वळणांत आणि त्यांच्या वेलबुट्टीत. 'हे फार साधे वाटते', 'हे भारदस्त आहे', असे अभिप्राय तो देतो आणि त्या अभिप्रायांतून आपल्या घराविषयी काहीतरी सांगू पाहतो. साहित्याच्या अभ्यासात मात्र आपण अक्षराला काचेच्या तावदानासारखे मानतो. पलीकडचा अर्थ दिसला की पुरे, काचेकडे कोण पाहतो? ही सवय किती एकांगी आहे, हे नागपूर परिसरातील सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका नटव्या लिपीच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रामटेकच्या दक्षिणेस काही मैलांवर नगरधन हे गाव आहे. हेच वाकाटकांचे नंदिवर्धन. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विदर्भावर ज्यांची सत्ता होती, त्या वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेच्या राजांनी ब्राह्मणांना गावे आणि जमिनी दान दिल्या, त्यांच्या सनदा तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतल्या. या ताम्रपटांतील ब्राह्मी लिपीला अभ्यासक 'पेटिकाशीर्षक' म्हणतात. कारण उघड आहे. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. कोठे ती पोकळ, नुसत्या चार रेघांची, तर कोठे आतून भरलेली. अक्षरांचे देहही या पेटीला साजेसे, काटकोनी वळणाचे होत जातात. पान दुरून पाहिले तर एकसारख्या ठोकळ्यांची ओळ मांडल्यासारखी दिसते.

आता या पेटीची गरज काय? उच्चाराच्या दृष्टीने काहीही नाही. पेटी काढून टाकली तरी 'क' हा 'क'च राहतो. उलट कोरणाऱ्याचे काम तिने कितीतरी वाढविले. जेथे एका टोल्यात भागले असते तेथे चार रेघा काढणे आले, आणि तेही प्रत्येक अक्षरावर. पेटीचा उगम शाईने लिहिताना अक्षरारंभी उमटणाऱ्या ठिपक्यात असावा, असे मानता येईल; परंतु तांब्यावर शाईचा ठिपका पडत नाही. तेथे पेटी मुद्दाम, श्रम करून काढावी लागते. म्हणजे ती सजावट आहे, आणि सजावटीवर जेव्हा राजसत्ता इतके श्रम खर्च करते तेव्हा त्यामागे केवळ हौस नसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका अपवादात आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्यात दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे तिने नंदिवर्धनाहून राज्यकारभार पाहिला. तिचा तेराव्या वर्षाचा एक ताम्रपट पुण्यातील एका तांबट कुटुंबाकडे सापडला, का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी त्याचे संपादन केले. हा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला असूनही त्याची लिपी मुख्यतः 'कीलशीर्षक' आहे. अक्षरांच्या माथ्यावर पेटी नाही, खिळ्याच्या डोक्यासारखी खूण आहे. मजकूरही तसाच वेगळा. वंशावळ वाकाटकांपासून नव्हे, तर गुप्तांपासून सुरू होते, आणि राणी स्वतःचे गोत्र सांगते ते पतीचे विष्णुवृद्ध नव्हे, तर पित्याकडील धारण.

मजकूर आणि माथ्याची खूण येथे एकच गोष्ट सांगतात. पाटलिपुत्राकडून राणीबरोबर आलेल्या लेखकांनी हा पट सिद्ध केला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. येथे एक आक्षेप रास्त आहे. लेखकाच्या हाताला जे वळण होते तेच उमटले. राणीने अक्षरांच्या माथ्याचा विचार केला असेलच असे नाही. हे मान्य केले तरी मुद्दा उरतोच. माहेरचे लेखक सासरच्या दरबारात राजाज्ञा लिहितात आणि सासरचे वळण उचलण्याची त्यांना गरज वाटत नाही, ही त्या दरबारातील सत्तेची स्थितीच होय. वंशावळीचा पुरावा कोणी नाकारील, पण हाताचे वळण खोटे बोलत नाही. २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. तिच्यावर नाव आणि शंखाची आकृती आहे. हाताच्या बोटांत मावेल एवढ्या त्या मातीच्या तुकड्यावरही नाव आणि चिन्ह शेजारी शेजारी आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन गादीवर आला. महाराष्ट्री प्राकृतातील 'सेतुबंध' या महाकाव्याचा कर्ता म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव परिचित आहे. वाकाटकांचे सर्वाधिक ताम्रपटही त्याचेच, आणि त्यांत पेटी ठसठशीतपणे विराजमान आहे. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेला त्याचा अठराव्या वर्षाचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात चर्मांक गावातील ८००० भूमी १००० ब्राह्मणांना दिल्याचे सांगितले असून, त्यांनी राजद्रोह, चोरी इत्यादी अपराध करू नयेत अशी अटही घातली आहे. गंमत अशी की अशा पटांची अक्षरे सजलेली असली तरी त्यांतील संस्कृत लेखनात दोष पुष्कळ आढळतात. महाकवी राजाच्या कचेरीत हे कसे चालले, असा प्रश्न पडतो.

माझ्या मते याचे उत्तर पेटीतच आहे. गावात हा पट आला तेव्हा तो वाचू शकणारे किती असतील? शेत कसणाऱ्याने, गावच्या प्रमुखाने तो पाहिला असेल, वाचला नसेल. संस्कृतातील चूक त्यांना कळणार नव्हती. पण पेट्यांची ती शिस्तबद्ध ओळ 'हे राजाचे आहे' असे न वाचताही सांगत होती. अक्षर येथे दुहेरी काम करते. साक्षरासाठी ते मजकूर आहे, निरक्षरासाठी मुद्रा आहे. पत्रिकेचे नमुने पाहणारा माणूस तरी दुसरे काय करतो?

सजावटीचा हा स्वभाव पुढच्या इतिहासातही दिसतो. पेटिकाशीर्षक लिपी विदर्भातून पूर्वेस छत्तीसगडात, म्हणजे प्राचीन दक्षिण कोसलात रुजली. शरभपुरीय आणि पांडुवंशी राजांचे ताम्रपट याच लिपीत आहेत. पांडुवंशातील महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात तर एक मजेदार विभागणी दिसते. सिरपूरच्या शिलालेखांत उत्तरेकडचे नवे, नागरीकडे झुकणारे वळण येते. ताम्रपटांत मात्र जुनी पेटी प्रामुख्याने टिकून राहते. रोजच्या लेखनातून मागे पडू लागलेले वळण दानपत्राच्या सोहळ्यासाठी राखून ठेवले जाते. आज पुस्तकाच्या मजकुरात कोणी वापरणार नाही अशी अक्षरे पत्रिकेवर आणि मानपत्रावर सुखाने नांदतात, त्यातलाच हा प्रकार.

अखेर पेटी लोपली. उत्तरेकडील लिप्यांत माथ्यावरची खूण रुंदावत गेली आणि शेजारच्या अक्षराच्या खुणेला भिडून तिची शिरोरेषा झाली. पेटीला हे साधणार नव्हते. पेटी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र मखरात बसविते, तर शिरोरेषा अक्षरांना एका दोरीत ओवून शब्द दाखविते. वाचनाची सोय जिंकली, दिमाख हरला, असे म्हणता येईल. पण तेही अर्धसत्य ठरेल. दिमाखाने केवळ जागा बदलली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखाटलेली शीर्षके आठवावीत. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या अंगलटीत उतरलेला दिसतो. आज संगणकावर 'मोदक'सारखे गुबगुबीत वळण आहे, मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फुरलेले 'यात्रा वन' आहे, जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितावर आधारलेले 'जैनी' आहे. यांतले प्रत्येक अक्षर मजकुराआधी स्वतःचे कूळ सांगते.

वाकाटकांचे हे लेख एकत्र करून, वाचून, त्यांचा अर्थ लावण्याचे मोठे काम नागपुरातच संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांचा वाकाटक लेखसंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. अशा लेखांच्या संपादनात लिपीच्या वळणाची नोंद आरंभीच असते, आणि आपण वाङ्मयाचे विद्यार्थी तेवढा भाग ओलांडून अनुवादाकडे धावतो. मीही अनेक वर्षे तेच केले. प्रभावतीगुप्तेच्या पटाने ती खोड मोडली. त्या राणीने आपले माहेर वंशावळीत सांगितले, गोत्रात सांगितले. आणि तिच्या लेखकांच्या हाताने ते अक्षरांच्या माथ्यावरही लिहून ठेवले. पहिल्या दोन गोष्टी अनुवादात उतरतात. तिसरी मूळ पट पाहिल्याशिवाय कळत नाही.