तो शब्द उच्चारायचा नाही

खिशातला स्मार्टफोन चाचपू नका. आज 4 सप्टेंबर 1993, शनिवार आहे, आणि त्या यंत्राला इथे कुणी ओळखत नाही. तुम्ही बेसबॉलच्या सामन्याला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये अगदी वरच्या मजल्यावर बसला आहात. आभाळ ढगाळ. 27,225 माणसं आली आहेत, तरी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्याच. शेजारचे आजोबा गुडघ्यावर स्कोअरकार्ड ठेवून पेन्सिलीनं प्रत्येक बॅटरचा हिशेब लिहितायत.

खाली मातीच्या उंचवट्यावर चेंडू फेकायला यांकीजचा जिम अ‍ॅबट उभा आहे. जन्मापासून त्याला उजवा पंजा नाही. डाव्या हातानं चेंडू फेकताना तो ग्लव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवतो. चेंडू सुटला रे सुटला की डावा हात ग्लव्हमध्ये. चेंडू परत अंगावर आलाच, तर झेलायचा, ग्लव्ह उजव्या बगलेत दाबायचा, चेंडू उपसायचा आणि फेकायचा. मिशिगनमधल्या फ्लिंट गावी, लहानपणी विटांच्या भिंतीवर चेंडू आपटत त्यानं हे अंगवळणी पाडलं. पहिल्या दोन इनिंग तुम्ही एवढंच बघत राहता. सगळे नवखे तेच करतात.

आजोबा मात्र त्या हाताकडे बघतही नाहीत. त्यांना चिंता वेगळीच. आज समोर क्लीव्हलंडचा संघ आहे, आणि सहाच दिवसांपूर्वी याच क्लीव्हलंडनं अ‍ॅबटला झोडपून काढलं होतं. सात धावा देऊन चौथी इनिंगही पुरी न करता तो तंबूत परतला होता.

मग केव्हातरी तुमची नजर फलकावर जाते. क्लीव्हलंड, हिट : शून्य. अ‍ॅबटच्या स्वैर चेंडूंमुळे काहींना फुकटचा पहिला बेस मिळालाय, त्याला वॉक म्हणतात आणि तो हिट धरत नाहीत. पण चेंडू मारून बेस गाठणं अजून कुणाला जमलेलं नाही. नऊ इनिंग असंच निभावलं तर... शेवट तुम्हाला ठाऊक आहे, जीभ शिवशिवतेय. गप्प बसा. तो शब्द इथे कुणी उच्चारत नाही, नाहीतर दृष्ट लागते. सचिन नव्वदीत असताना घरात कुणी जागा बदलली तर केवढा गहजब व्हायचा, आठवतंय ना? तेच. आजोबांना मघापासून बाथरूमला जायचंय, पण ते उठत नाहीत.

सातव्या इनिंगमध्ये अल्बर्ट बेलचा जमिनीलगतचा फटका तीरासारखा निघतो. गेला! थर्ड बेसवरचा वेड बॉग्ज डावीकडे झेपावतो, चेंडू पकडतो, धडपडत उठून फेकतो. आउट. आजोबांच्या घशातून एक विचित्र आवाज निघतो, शब्द नाही.

नववी इनिंग. आता कुणीच बसलेलं नाही. धावण्यात वाऱ्याशी स्पर्धा करणारा केनी लॉफ्टन पहिल्याच चेंडूला नुसती बॅट लावून बंट करू बघतो. चेंडू रेषेबाहेर, आणि सगळं मैदान त्याची हुर्यो उडवतं : अशा वेळी बंट म्हणजे रडीचा डाव. खरं सांगायचं तर बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. बंट नियमात बसतो. पण क्रिकेटमध्ये विनू मंकडनं चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या ब्राउनला नियमात राहून धावबाद केलं, तेव्हाही लोकांनी कुठे ऐकलं? लॉफ्टन शेवटी जमिनीवरच्या फटक्यावर बाद.

फेलिक्स फर्मिनचा फटका मात्र खोल जातो, डाव्या-मधल्या भागात, फार खोल. निकाल माहीत असूनही तुमच्या पोटात गोळा येतो. बर्नी विल्यम्स धावत, मागे मागे सरकत, कुंपणापाशी झेल घेतो.

एकच उरला. कार्लोस बायेर्गा. चेंडू टप्पे घेत शॉर्टस्टॉप रँडी व्हेलार्डेकडे. फेक. फर्स्ट बेसवर डॉन मॅटिंगलीच्या ग्लव्हमध्ये. 4-0.

अ‍ॅबट आनंदानं ओरडत कॅचर मॅट नोक्सला मिठी मारतो, अख्खा संघ त्यांच्यावर कोसळतो. 1983 मध्ये डेव्ह रिगेटीनं याच मैदानावर हे केलं होतं, त्यानंतर यांकी प्रेक्षकांनी दहा वर्षं वाट पाहिली. अनोळखी माणसं तुमच्या गळ्यात पडतायत, कुणाची तरी बिअर तुमच्या सदऱ्यावर सांडलीय.

आजोबा अजून कार्डावर वाकलेले. शेवटच्या चौकोनात 6-3 लिहायचंय, शॉर्टस्टॉपकडून फर्स्ट बेसकडे. हात थरथरतोय. तीनाचा आकडा दुसऱ्यांदा गिरवून ते मान वर करतात.

‘‘नो-हिटर,’’ ते म्हणतात, आणि घाईघाईनं बाथरूमकडे निघतात.