माकुळाची भूल आणि आपले मत्स्यबीज

येलदरी, सिद्धेश्वर, इसापूरच्या पाण्यात रोहू, कटला मिळतो. माकूळ मात्र समुद्रातला. रत्नागिरी-मुंबईच्या बाजारात तो दिसतो. पाठीला कणा नाही, हृदये तीन, रक्त निळसर. हिंगोलीच्या माणसाला त्याचे काय? पण त्याला भूल देण्याचा इतिहास आपल्याही कामाचा आहे.

माणसावर इथरची भूल देऊन १८४६ साली बोस्टनला सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. माकूळ आणि अष्टपाद हाताळणारे शास्त्रज्ञ पुढेही बरीच वर्षे थंड पाणी, मद्यार्क किंवा युरेथेन वापरत. १९८५ साली मेसेंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम क्लोराइडची रीत मांडली. साडेसात टक्क्यांचे द्रावण आणि तितकेच समुद्राचे पाणी. त्यात जनावर निपचित पडते, अंगाचा रंग फिका होतो, ताज्या पाण्यात सोडले की सावध होते.

तरी शंका उरलीच. वेदना थांबली, की नुसते स्नायू सैल पडले? गोऱ्हा बडवताना चौघांनी दाबून धरला की तोही हलत नाही. म्हणून त्याला दुखत नाही असे कोण म्हणेल? २०१८ साली अमेरिकेत मज्जातंतूंतील संदेश मोजून पाहिले, तेव्हा संवेदनाच थांबते असे दिसले. त्याआधी, २०१० साली, युरोपीय संघाने प्रयोगातील अशा जीवांना कायद्याचे संरक्षण दिले होते.

आता आपल्या माशांकडे या. पूर्वी मत्स्यबीज पुराच्या नदीतून धरून आणीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले. तेव्हापासून बीजाचे मासे हाती धरणे आले. मासा तडफडला की खवले निघतात, जखम चिघळते. म्हणून कित्येक ठिकाणी लवंगेच्या तेलाने मासा गुंगवतात. दातदुखीवर आपण लावतो तेच तेल.

तात्पर्य असे, की निपचित मासा म्हणजे सुखी मासा नव्हे. पहाटे शेततळ्यात मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. ताजे पाणी सोडा. बीज आणताना ते आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले घ्या, सकाळच्या गारव्यात आणा, पिशवी तळ्यात थोडा वेळ तरंगू द्या, मगच तोंड सोडा. खाण्याच्या माशाला भुलीचे औषध स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. ते काम जाणकाराचे.