सुखा झाडूवाल्याची कबर

लष्कराच्या इतिहासात तोफा मोजतात, मुडदे मोजतात, पदकं मोजतात. इस्पितळातली घाणीची बादली कोण उचलत होता, ते कुणी मोजत नाही. आणि सैनिक तर गोळीपेक्षा घाणीनंच जास्त मरत आलाय. म्हणून हा इतिहास एकदा मोरीच्या बाजूनं वाचायला पाहिजे.

१८५४ साल. क्रिमियाचं युद्ध. इंग्रजांचं मोठं इस्पितळ तुर्कस्तानात स्कुटारीला, एका बराकीत. नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ बायका घेऊन तिथं पोचली. शाळेच्या पुस्तकात इथं हातातला दिवा येतो आणि धडा संपतो. पुढचं मास्तर सांगत नाहीत. बाई आल्यावरही सैनिक हिवाळाभर पटापट मरतच राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले ४२ मरत होते. इमारतीखाली गटारं तुंबलेली, संडासाची घाण साचलेली, प्यायच्या पाण्याच्या वाटेत मेलेलं घोडं पडलेलं. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉक्टर सदरलंड होते, इंजिनियर रॉलिन्सन होते. गटारं उपसली, हातगाड्या भरभरून कचरा बाहेर काढला, मेलेली जनावरं पुरली, भिंतींना चुना मारला. जूनपर्यंत आकडा शंभराला २ वर आला.

नाइटिंगेलबाईंचा मोठेपणा दिव्यात नाही. पुढं हे आकडे जगापुढं मांडून, सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, असं त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं, त्यात आहे. पण गटार उपसणारे हात कुणाचे होते? ते कुठल्याच धड्यात नाहीत.

आता आपल्याकडं या. १८५७ च्या बंडानंतर राणीच्या सरकारनं हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर रॉयल कमिशन नेमलं. १८६३ मध्ये अहवाल आला. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ माणसं मरत होती. पटकी, हगवण, ताप. पुन्हा घाणच. मग छावण्या सुधारायचं काम निघालं. नाइटिंगेलबाईंनी १८७३ मध्ये मांडलेल्या हिशोबात हाच आकडा हजारी १८ वर आला होता.

कसा आला? पाणी सुधारलं, बराकी सुधारल्या, हे खरंच. पण जमिनीखालून नळ टाकून मैला वाहून न्यायला पैसा लागतो. छावण्यांत आणि तुरुंगांत स्वस्त तोड काढली. कोरड्या मातीचे संडास. वर माती टाकायची, आणि रोज सकाळी माणसानं येऊन ते उचलून न्यायचं. कोणत्या माणसानं? ते विचारायची गरजच नव्हती. मनूनं नेमणूक आधीच करून ठेवली होती! विलायतेत जे काम नळानं केलं, ते इथं जातीनं केलं. सरकारचा खर्च वाचला. गोऱ्याचा जीव वाचला. डोक्यावर पाटी घेतलेल्या मेहतराचं काय वाचलं?

त्याच काळात दुसरी गंमत बघा. १८९० नंतर महारांची फौजेतली भरती बंद झाली. म्हणे, ही लढाऊ जात नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बंदुकीचं दार अस्पृश्याला असं कधी उघडायचं, कधी बंद व्हायचं. बादलीचं दार मात्र कधीच बंद झालं नाही.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. १९१९ अखेरपर्यंत या देशातून साडेपाच लाखांच्या वर बिगरलढाऊ माणसं भरती झाली. भिस्ती, आचारी, डोलीवाले, झाडूवाले. फ्रान्सात जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्पितळं उघडली. ब्रायटनला तर राजाचा जुना महालच दिला, रॉयल पॅव्हेलियन. तिथं ९ स्वयंपाकघरं होती. मुसलमानांची वेगळी, मांस खाणाऱ्या हिंदूंची वेगळी, न खाणाऱ्यांची वेगळी. वॉर्डावॉर्डात हिंदूंचा नळ निराळा, मुसलमानांचा निराळा. १८५७ च्या काडतुसांची धास्ती इंग्रजाच्या पोटात होतीच. आणि मोऱ्या-संडासाला? तिथं अस्पृश्य. जात आगबोटीत बसवून समुद्रापार नेली, आणि कुणालाच समुद्राचा विटाळ झाला नाही.

त्याच गावात किचनर इस्पितळ होतं. तिथला मुख्य अधिकारी कर्नल सेटन. आपल्या अहवालात त्यानं हाताखालच्या बऱ्याच नोकरांना मुंबई शहरातून झाडून काढलेला कचरा ठरवलं. झाडणाऱ्यालाच कचरा म्हणायची ही रीत साहेबाला कुणी शिकवली असेल, ते तुम्हीच सांगा.

आणि आता सुखा. पूर्ण नाव सुखा कल्लू. बरेली शहरातल्या गंगापूर मोहल्ल्याचा. ब्रॉकनहर्स्ट गावच्या लेडी हार्डिंग इस्पितळात झाडूवाला. १२ जानेवारी १९१५ ला तिथंच वारला. वय ३० वर्षं. हिंदी इस्पितळांवर देखरेख करणारे सर वॉल्टर लॉरेन्स यांनी पुढची हकीकत लिहून ठेवलीय. सुखाच्या पंथात प्रेत जाळत नसत. म्हणून वोकिंगच्या मुसलमान दफनभूमीत विचारलं. तिथून नकार आला, कारण हा जातीबाहेरचा! ज्या धर्मात जात नाही म्हणतात, तिथंही जात त्याच्या आधी जाऊन उभी. मढं तसंच पडलेलं. शेवटी गावच्या सेंट निकोलस चर्चचे पाद्री चेंबर्स पुढं आले आणि त्यांनी आपल्या आवारात जागा दिली. गावकऱ्यांनी वर दगड बसवला. देश, घर, मित्र सोडून आलेला इस्पितळाचा नम्र सेवक, अशा अर्थाचं त्यावर कोरलंय. दगड आजही तिथं आहे.

दोस्तहो, इथं नीट विचार करा. स्वच्छता वेगळी आणि सोवळं वेगळं. स्वच्छता म्हणजे वाहतं गटार, उकळलेलं पाणी, धुतलेली जमीन. ती आकड्यांनी मोजता येते. ती माणूस वाचवते. सोवळं म्हणजे कुणी कुणाला शिवू नये याचा कायदा. ते कुणालाच वाचवत नाही. लष्करी इस्पितळात या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदल्या. पहिलीसाठी सुखा हवा होता. दुसरीसाठी तो घाण होता. बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं की या देशात भंगी कामानं ठरत नाही, जन्मानं ठरतो. सुखा काम सोडून मेला, तरी जन्म त्याच्या मढ्याला चिकटूनच राहिला.

आता प्रश्न आपल्याला. आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. स्तंभावरची 'नाक' लागलेली नावं वाचताना छाती भरून येते. यायलाच पाहिजे. पण तलवारवाले पूर्वज आपले आणि झाडूवाले दुसऱ्यांचे, असं मनात असेल तर तेही सोवळंच! मेहतर, भंगी, लालबेगी आपल्या इतिहासाच्या वेशीबाहेर ठेवले तर आपणही एक गावकूस बांधलं.

हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. कायदा कागदावरून खाली उतरवायला माणसं लागतात. त्यासाठी आधी नावं लागतात. आपापल्या वस्तीत जा. छावणीत, इस्पितळात ज्यांच्या आज्यांनी, बापांनी फरशा पुसल्या, त्यांना नाव, गाव, पगार, वर्ष विचारा. वहीत उतरवा. आणि १ जानेवारीच्या खाली १२ जानेवारी ही तारीखही लिहा. पुढं नाव लिहा : सुखा कल्लू, झाडूवाला.

जयभीम.