औषधाने पोसलेली कीड

जावा बेट हे भारतीयांना यवद्वीप या नावाने प्राचीन काळापासून परिचित आहे. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या त्या भूमीत पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांतून शतकानुशतके भात पिकत आला. असे असूनही, जावा ज्याचे हृदय होय तो इंडोनेशिया १९७० नंतरच्या दशकात परदेशी तांदूळ विकत घेणाऱ्या राष्ट्रांत जगात अग्रभागी होता. ही परावलंबी स्थिती पालटण्यासाठी तेथील सरकारने जे नाना उपाय योजले, त्यांतील एकाने ज्या पिकाचे रक्षण करावयाचे त्याचाच घात केला.

सुधारित बियाणे, रासायनिक खते, पाटाचे पाणी आणि कर्ज यांच्या जोडीला शेतकऱ्याच्या हाती कीटकनाशके देण्यात आली. त्यांच्या किमतीचा सुमारे ८० टक्के भाग सरकारी तिजोरीतून दिला जाई. तत्पूर्वी, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तर विदेशी कंपन्यांशी करार करून विमानांतूनही फवारणी झाली होती. कीड दिसली म्हणून औषध मारावे, असा हा प्रकार नव्हता. फवारणीच्या तिथी पंचांगातल्याप्रमाणे आधीच ठरलेल्या असत. रुपयाची वस्तू वीस पैशांस मिळू लागली, म्हणजे ती खरोखर लागते किती, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. जावातील शेतकरीही त्याला अपवाद नव्हता.

अशा वेळी तपकिरी तुडतुडे आले. कोकणात आणि भंडारा-चंद्रपुराकडे भात पिकविणाऱ्यांस या किड्याची ओळख करून द्यावयास नको. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा जीव रोपाच्या बुंध्याशी बसून रस शोषतो, आणि हिरव्या शेतात वणवा लागून गेल्यासारखे करपलेले पट्टे दिसू लागतात. पूर्वी हा किडा जावात क्वचितच उपद्रव देई. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास मात्र त्याने लक्षावधी टन धान्य बुडविले. त्याला दाद न देणारे आय. आर. ३६ हे वाण आले आणि काही काळ स्वस्थता लाभली. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पुढल्याच वर्षी रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेने राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचा गौरव केला. गौरवाची फुले सुकतात न सुकतात तोच १९८६ साली मध्य जावात तुडतुड्यांनी पुन्हा उचल खाल्ली. फवारणी जितकी अधिक, तितकी कीडही अधिक, असा उफराटा अनुभव येऊ लागला.

याचे रहस्य पीटर केन्मोर या कीटकशास्त्रज्ञाने फिलिपीन्समधील भातशेतांत पूर्वीच शोधून काढले होते. तुडतुड्याची मादी आपली अंडी खोडाभोवतीच्या पानांच्या वेष्टणात घालते. तेथे औषध पोहोचत नाही. औषधाने मरतात ते मुख्यतः तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे ढेकूण. पुढे अंडी फुटतात तेव्हा नव्या पिढीला रान मोकळे असते. बिनपगारी राखणदारांना मारण्यासाठी सरकार दरसाल दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्चीत होते! इडा न्योमान ओका आणि कासुंबोगो उंटुंग या इंडोनेशियन शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांपुढे मांडली.

केवळ शास्त्राच्या बळावर हे म्हणणे मान्य झाले असते की नाही, याची शंकाच आहे. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव कोसळले, तेलावर चालणारी तिजोरी आटली, सप्टेंबरात रुपियाचे अवमूल्यन करावे लागले. काटकसरीच्या वाटा शोधणाऱ्या नियोजनकारांना हा सल्ला अर्थातच गोड लागला. ५ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करण्यात आला. त्यानंतर अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करीत जानेवारी १९८९ मध्ये ते संपूर्ण रद्द झाले. ज्या हुकूमशाही यंत्रणेने औषध शेतकऱ्यावर लादले, तिच्याच एका फर्मानाने ते दूर व्हावे, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

परंतु फर्मानाने सवय जात नाही. म्हणून १९८९ पासून 'शेतशाळा' सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एकदा बांधावर जमत, रोपे उपटून पाहत, कोळी मोजत आणि पाहिले त्याचे चित्र कागदावर काढीत. जाळीखाली एका रोपावर तुडतुडे व कोळी सोडून रात्री काय घडले हे सकाळी पाहिलेल्या माणसास व्याख्यानाची गरज उरत नसे. दहा वर्षांत सुमारे दहा लक्ष शेतकरी या शाळांतून गेले. भातावरील कीटकनाशकांचा वापर निम्म्याहून खाली आला. उत्पादन घटेल ही भीती मात्र खोटी ठरली. भात पूर्वीपेक्षा अधिकच पिकला.

शेतशाळांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९९ साली संपला. पुढे बाजार खुला झाला आणि शेकडो व्यापारी नावांनी स्वस्त कीटकनाशके खेड्यापाड्यांच्या दुकानांत येऊन बसली. औषध पुन्हा हाताशी आले. या खेपेस सरकारी अनुदानाचीही गरज पडली नाही. २०१० व २०११ साली जावातील खाचरांत ते करपलेले पट्टे पुन्हा दिसू लागले.