गोचीड

संधिपाद संघाच्या अष्टपाद वर्गातील रक्त शोषणारी बाह्यपरजीवी. कोळी व विंचू हे तिचे नातलग होत. ऊ, पिसू आणि ढेकूण कीटक असल्याने दूरचे. प्रौढ गोचिडीला आठ पाय असतात, मात्र अंड्यातून निघालेल्या डिंभाला सहाच. त्यामुळे ती पुष्कळदा कीटक समजली जाते. कठीण ढालीच्या (आयक्सोडिडी) व मऊ अंगाच्या (अर्गॅसिडी) गोचिडी ही दोन प्रमुख कुले. पोटविभागणीबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

रचना व आहार : गोचिडीला पंख नसतात आणि तिला उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून ती वाट पाहते. पायांच्या पहिल्या जोडीवरील हॅलर इंद्रियाने तिला श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, ऊब व गंध जाणवतो. जनावर घासून गेले की ती चिकटते. तिच्या सोंडेवर मागे वळलेले काटे असतात. लाळेमुळे रक्त गोठत नाही व वेदना कमी जाणवते, म्हणून चावल्याचे बहुधा कळतही नाही. रक्त प्यालेली मादी एरंडीच्या बीसारखी फुगते.

जीवनक्रम : अंडे, डिंभ, अर्भक, प्रौढ. गाईगुरांवरील ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही जाती डिंभावस्थेपासून एकाच जनावरावर वाढते. तृप्त मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते व मरते. कुत्र्यावरील ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस मात्र प्रत्येक अवस्थेनंतर खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत कात टाकते. कुत्रा स्वच्छ करूनही घरात गोचिडी दिसत राहतात त्या यामुळेच.

रोगप्रसार : थिओबॉल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांनी 1893 मध्ये अमेरिकेतील गुरांचा टेक्सास ताप गोचिडींमुळे पसरतो हे सिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांच्या डासांवरील शोधाच्या (1897) आधीचे हे कार्य सामान्य ग्रंथांत उपेक्षित राहिले आहे. टेक्सास तापाच्याच गटातील बबेसिया परजीवींमुळे आपल्याकडे गुरांना लाल लघवीचा रोग होतो. हायलोमा अनाटोलिकममुळे पसरणारी थायलेरिओसिस संकरित गाईंना विशेष घातक ठरते.

माणसाच्या दृष्टीने पश्चिम घाटातला महत्त्वाचा रोग म्हणजे माकडताप (क्यासनूर जंगल रोग). 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व आसपासची माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला आणि हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही प्रमुख वाहक ठरवली. आजारी माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गळून पडतात, आणि ती जागा धोक्याची बनते. माणसाला मुख्यत्वे चावते ते बारीक अर्भक. रशियातील अशाच एका मेंदूज्वराशी असलेल्या साम्यामुळे स्थलांतरी पक्ष्यांवर संशय घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-वलयांकनास साह्य केले. पक्ष्यांकरवी विषाणू आल्याचे सिद्ध झाले नाही. 2015 मध्ये गोव्यातील सत्तरीत व 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात रोगाचा उद्रेक झाला. काजूच्या हंगामात बागेत व रानात वावरणाऱ्यांना धोका अधिक. मृत्युप्रमाण साधारण 3 ते 5 टक्के.

2011 मध्ये गुजरातेत आढळलेला क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापही गोचिडींमुळे पसरतो.

आर्थिक महत्त्व : गोचिडींमुळे जनावरांचे दूध घटते, कातडे खराब होते.

काढण्याची रीत : गोचीड माणसाच्या कातडीत अंडी घालत नाही. चिकटलेली गोचीड रॉकेल, तेल वा जळत्या उदबत्तीने सोडवू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, संथपणे ओढावी. पिळू नये, बोटांनी चिरडू तर मुळीच नये. सोंडेचा तुकडा आत राहिल्यास तो सहसा आपोआप बाहेर पडतो; उकरून काढावा की नाही, याबद्दल एकमत नाही. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

नियंत्रण : जनावरांवर डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशी औषधे फवारतात. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचिडी त्याला दाद देत नाहीत. गोठ्यातील फटी बुजवल्याशिवाय केवळ फवारणी अपुरी पडते.