मूल कोणाचं? न्यूझीलंडचा १९८९ चा कायदा

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने दुकान फोडलं, पोलिसांनी पकडलं. आता हा मुलगा कोणाचा? सरकारचा, की घरच्यांचा? न्यूझीलंडने या प्रश्नाचं उत्तर १९८९ साली कायदा करून दिलं, आणि ते सुखासुखी आलेलं नव्हतं.

त्याआधी तिथला कारभार आपल्यासारखाच, इंग्रजी वळणाचा. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, त्यांचा बालकल्याण कायदा १९२५ चा. मूल बिघडलं की घरातून उचलायचं आणि सरकारी वसतिगृहात ठेवायचं. हेतू भलाच. (तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने भल्या हेतूंकडे जरा संशयानेच पाहावं!) पण या वसतिगृहांत माओरी मुलं लोकसंख्येच्या मानाने फार जास्त. १९८६ साली जॉन रांगीहाऊ यांच्या समितीने अहवाल दिला, ‘पुआओ-ते-आता-तू’, म्हणजे पहाट. त्यातला मुद्दा असा, की तुम्ही मुलाला सुटा धरता. आमच्याकडे ते ‘फानाऊ’चं असतं, आजी-आजोबा, काका, आत्या सगळ्यांचं. त्यांना वगळून तुम्ही त्याचं भवितव्य ठरवता. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे भावकी आहेच; फक्त भावकी म्हटलं की आपल्याला आधी बांधावरची भांडणं आठवतात.

१९८९ च्या कायद्याचं तत्त्व असं: सार्वजनिक हितासाठी आवश्यक नसेल आणि दुसरा मार्ग असेल, तर मुलावर खटला भरू नये. पोलिसांत युवकांसाठी वेगळा विभाग आहे. बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात. ताकीद, माफीचं पत्र, नुकसानभरपाई, काही तासांचं काम, एवढ्यावर. प्रकरण जड असेल तर कुटुंब-बैठक. मुलगा, त्याचे नातेवाईक, ज्याचं नुकसान झालं तो, पोलीस आणि एक समन्वयक. काय घडलं ते पोलीस सांगतात, मुलाने ते कबूल करावं लागतं, मग दुकानदार बोलतो. यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाकी सगळे बाहेर जातात आणि घरचे एकटे बसतात. भरपाई कशी करायची, पोरावर लक्ष कोण ठेवणार, हे त्यांनीच ठरवायचं. मग तो आराखडा सगळ्यांपुढे येतो आणि त्यावर एकमत व्हावं लागतं. प्रकरण युवक न्यायालयात गेलं तरी बैठक झाल्याशिवाय न्यायाधीश शिक्षेचा आदेश देत नाहीत. खून आणि मनुष्यवध मात्र या वाटेने जात नाहीत.

आता तुमच्यातलं कोणी म्हणेल, सर, ही तर जातपंचायत झाली! प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पंचायतींच्या बहिष्कारापायी २०१६ साली महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. पण फरक बघा. इथे मुलाने गुन्हा नाकारला तर बैठक त्याला दोषी ठरवू शकत नाही. तो कोर्टाकडे जातो, तिथे त्याला वकील मिळतो. शिवाय पंच कोणी नसतात. निवाडा करणारे जे बसतात, ते उद्या त्या पोराला जेवायला वाढणारेच असतात. समाज हा शब्द आपण फार सैल वापरतो. वाळीत टाकणाराही समाज आणि परत घेणाराही समाजच. कायद्याने यांतल्या दुसऱ्याला अधिकार दिला, पहिल्याला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गॅब्रिएल मॅक्सवेल आणि ॲलिसन मॉरिस यांनी सुरुवातीच्या वर्षांतल्या बैठका तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी नुकसान झालेली व्यक्ती आलेलीच नव्हती. त्यांना यायचं नव्हतं असं नाही. नीट बोलावलंच नव्हतं, किंवा वेळ सोयीची नव्हती. म्हणजे तत्त्व चांगलं, पण निरोप धाडणारा माणूस ढिला! माओरी मुलांचं प्रमाण तर पुढेही चढंच राहिलं. त्यातूनच २००८ साली गिसबर्नला, माओरींच्या सभास्थानी, ‘मराए’वर, रांगाताही न्यायालय सुरू झालं. बैठकीत ठरलेला आराखडा मुलगा पाळतो की नाही, हे तिथे वडीलधाऱ्यांसमोर पाहिलं जातं.

आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही शक्यतो न्यायालयीन कारवाई टाळावी हे तत्त्व लिहिलेलं आहे. घरच्यांना एकटं बसवून आराखडा करायला लावणारी बैठक मात्र त्यात नाही. आणि त्याच कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, अतिगंभीर गुन्ह्यात, प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाटही उघडली. ही दोन कलमं एका कायद्यात कशी नांदतात, ते पुढच्या वेळी बघू.