तलवार, तराजू आणि तह : सुरतेच्या इतिहासाची एक बाजू

सुरत हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात एकच प्रसंग उभा राहतो, तो म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी. शालेय पुस्तकांत सुरत एकदा लुटली जाते, पुन्हा एकदा लुटली जाते आणि मग आपल्या इतिहासातून नाहीशी होते. वस्तुतः मराठी सत्तेचा सुरतेशी असलेला संबंध त्यानंतरही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि मराठी माणसाचा संबंध तर आजही तुटलेला नाही. या खंडप्राय देशातील लोकसमूह जिंकण्याने, व्यापाराने आणि तहांनी कसे घडले, कसे हलले आणि एकमेकांत कसे मिसळले, हे पाहावयाचे तर तापीकाठच्या या नगरीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

अकबराने १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला आणि हे शहर मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील महाद्वार झाले. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत. गुजरातचे कापड आणि नीळ मोखा, बसरा व बंदर अब्बासकडे जाई आणि बदल्यात चांदी येई. बनिया, बोहरा, पारशी, आर्मेनियन, अरब, तुर्क अशा नाना समाजांचे व्यापारी येथे शेजारी शेजारी नांदत होते. या वैभवाच्या ओढीने १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स इंग्रजांचे जहाज घेऊन सुरतेस आला. १६१२ मध्ये जवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी पोर्तुगीजांना हटविले, तर १६१५ मध्ये सर टॉमस रो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून येथेच उतरून जहांगीराच्या दरबारी गेला. आधी व्यापारी, मग आरमार आणि मागोमाग वकील, असा हा क्रम होता. इंग्रजांपाठोपाठ डच आणि फ्रेंच यांच्याही वखारी उभ्या राहिल्या.

अशा सुरतेवर जानेवारी १६६४ मध्ये महाराज चालून आले. त्याआधी शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्यात तळ देऊन मुलूख उजाड केला होता. युद्धाचा खर्च ज्याने लादला त्याच्याच खजिन्यातून तो वसूल करावा, हा या स्वारीमागील सरळ राजकीय हिशेब होता. सुभेदार इनायतखान आणि प्रमुख व्यापारी यांनी येऊन खंडणीची बोलणी करावीत, असा निरोप महाराजांनी प्रथम पाठविला होता. सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि शहर वाऱ्यावर सोडले गेले. विरजी व्होरासारख्या जगप्रसिद्ध सावकाराची घरे लुटली गेली आणि आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो, की कॅपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या मठाला मात्र महाराजांनी धक्का लागू दिला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. समुद्रावर ज्याचे बळ त्याचाच व्यापार, हे महाराजांनी पुरते ओळखले होते. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली.

या स्वाऱ्यांनी सुरत बुडाली, ही समजूत मात्र तपासून घ्यावयास हवी. औरंगजेबाने शहराभोवती विटांचा कोट बांधविला आणि व्यापाऱ्यांना जकातीत सवलत दिली. त्यानंतर पन्नास वर्षे सुरतेचा व्यापार भरभराटीस होता. १७१८ मध्ये मरण पावलेला मुल्ला अब्दुल गफूर डझनावारी जहाजांचा मालक होता. सुरत खचली ती पुढे मोगल साम्राज्य विस्कटले आणि इराणचे सफवी राज्यही १७२२ मध्ये कोसळले तेव्हा, म्हणजे बाजारपेठेची दोन्ही टोके एकदमच ढासळल्यावर. स्वाऱ्यांचा खरा परिणाम निराळा आणि अधिक दूरगामी होता. राजसत्ता आपले रक्षण करीत नाही, हे व्यापाऱ्यांनी पाहिले. आपल्या वखारीचे रक्षण करून दाखविणाऱ्या इंग्रजांची किंमत बाजारात वाढली. १६६८ मध्ये त्यांच्या कंपनीच्या हाती मुंबई बेट आले आणि १६८७ मध्ये तिने आपले मुख्य ठाणे सुरतेहून तेथे हलविले. दरम्यान १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन कंपनीचा वकील म्हणून हजर राहिला आणि राजापूरच्या वखारीची भरपाई व व्यापाराच्या सवलती यांविषयीचा तह करून गेला. शत्रूच्या दारी तराजू घेऊन जाण्यात या व्यापाऱ्यांना कमीपणा वाटत नव्हता.

अठराव्या शतकात सुरत मराठ्यांच्या अगदी हाताशी आली. पिलाजी गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला आणि सुरतेच्या आसपासच्या मुलखात चौथाई वसूल होऊ लागली. पुढे शहराच्या उत्पन्नातही पेशवे आणि गायकवाड यांचा हिस्सा ठरला. परंतु १७५९ मध्ये किल्ला ताब्यात घेतला तो इंग्रजांनी. मराठ्यांकडे वसुलीचा हक्क राहिला, तर बंदर, किल्ला आणि सावकारांचा विश्वास इंग्रजांकडे गेला. या दोहोंतील अंतर किती मोठे होते, हे पुढील तहांनी दाखविले.

नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यातून हुसकले गेलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी सुरतेचा तह केला. अडीच हजार फौजेच्या मदतीच्या बदल्यात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईसाठी किती रक्त सांडले होते, हे त्यांच्या पुतण्याला ठाऊक नव्हते असे नव्हे. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह नामंजूर केला, युद्ध लांबले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. १८०० मध्ये कंपनीने सुरतेच्या नवाबाकडून शहराचा कारभार काढून घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी वसई येथे तह केला आणि त्यात सुरतेवरील आपले सर्व हक्क सोडून दिले. पित्याने सुरतेच्या तहात वसई देऊ केली; पुत्राने वसईच्या तहात सुरत सोडली. मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वाचे याहून नेमके सार सांगता येणे कठीण आहे. तलवारीने मिळविलेले रणांगणावर जेवढे गेले, त्याहून अधिक घरातील फुटीमुळे कागदावर गेले.

राज्य गेले, तरी माणसे आणि विचार यांची ये-जा थांबली नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. दुर्गाराम मेहताजी आदी गुजराती मित्रांसमवेत त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्मसभेच्या स्थापनेत भाग घेतला आणि जातिभेद व अंधश्रद्धा यांवर तेथे निर्भीड चर्चा झाली. मुंबईस परतल्यावर १८४९ मध्ये त्यांनी परमहंस सभा स्थापन केली. महाराष्ट्रातील सुधारणेच्या एका प्रवाहाचा उगम असा सुरतेत सापडतो. १९०० मध्ये तापी खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि खानदेश व सुरत हे जुने व्यापारी सोबती अधिक जवळ आले. पुढे यंत्रमाग आणि कापड छपाईच्या कारखान्यांनी खानदेशातील हजारो कुटुंबांना सुरतेत आणले. १९६० मध्ये दोन राज्ये वेगळी झाली, तरी हा ओघ आटला नाही. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज अहिराणी बोल सहज कानी पडतात आणि महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग भरतात.

सुरतेवर मराठी झेंडा कायमचा कधीच रोवला गेला नाही. चौथाईचा हक्क एका सहीने संपला. जे टिकले ते शिक्षकाने आणि मागावरील कामगाराने उभे केलेले आहे. शिवकालीन स्वाऱ्यांचा अभिमान बाळगताना या नंतरच्या, कमी गाजलेल्या मराठी माणसांचीही नोंद आपल्या ग्रंथांत व्हावयास हवी. कारण सुरतेचा मराठी इतिहास १६७० मध्ये संपला नाही, तो तेथील वस्त्यांतून अजून लिहिला जात आहे.